डीबी२ च्या लॉगवर ओपीएस/एमव्हीएसची राखण: काही महिने वापरल्यानंतर

झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या डीबी२ या डेटाबेसचे, जागा संपत आल्याचे इशारे सांभाळायचं काम आमच्या टीमने काही महिन्यांपूर्वी ब्रॉडकॉमच्या ओपीएस/एमव्हीएस या ऑटोमेशन सॉफ्टवेअरकडे दिलं. कन्सोलवर ठरावीक संदेश आला की ठरवून दिलेलं काम ते आपोआप करतं. आता ते काढायचा विषय निघाला तर मी कडाडून विरोध करेन.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो डीएसएनजे११०ई या संदेशाला. कन्सोलवर ‘५ टक्के भरलं’ एवढंच दिसतं, त्यामुळे नव्या ऑपरेटरला वाटतं, अजून भरपूर वेळ आहे. तसं अजिबात नसतं. तो आकडा शेवटच्या उरलेल्या ॲक्टिव्ह लॉगचा, म्हणजे डेटातल्या बदलांची नोंद जिथे आधी होते त्या फाइलचा असतो. बाकीचे भरून ऑफलोडची, म्हणजे अर्काइव्हमध्ये कॉपी होण्याची, वाट बघत उभे असतात. पुढे दर ५ टक्क्यांना संदेश परत येतो. तरीही कोणी हललं नाही तर येतो डीएसएनजे१११ई, आणि मग डेटा बदलणारं प्रत्येक काम जागच्या जागी अडकतं.

रेक्स या स्क्रिप्टिंग भाषेतला आमचा नियम जेमतेम एका स्क्रीनचा आहे. ११०ई दिसताच तो डिस्प्ले लॉग कमांड देतो, किती लॉग तुंबलेत आणि ऑफलोड टास्क कशात गुंतलाय हे उत्तरातून उचलतो आणि ऑन-कॉलवाल्याला एकाच मेसेजमध्ये कळवतो. रात्री तीनला झोपेतून उठलेल्या माणसाला लॉगिन करण्याआधीच कुठे बघायचं ते कळलेलं असतं. डीएसएनजे११५आयवर, म्हणजे ऑफलोडची कॉपी ठेवायच्या अर्काइव्ह डेटासेटला (मेनफ्रेमवरच्या फाइलला) जागाच मिळाली नाही यावर, वेगळा नियम नक्की लावा. माझ्या मते खरा इशारा तोच, कारण तेव्हा हातात वेळ असतो.

नवा लॉग आपोआप जोडणं मात्र आम्ही नियमात घातलेलं नाही. डीबी२ १० पासून चालू सिस्टिममध्ये सेट लॉग कमांडने तो जोडता येतो, पण ऑफलोडच अडला असेल तर तोही भरणारच. फॉरमॅट केलेला लॉग तयार ठेवतो. जोडायचा की नाही हे माणूस ठरवतो.

आणखी एक, ओपीएस/एमव्हीएसची स्वतःची जागाही मर्यादित आहे. ग्लोबल व्हेरिएबल्स, म्हणजे नियमांनी जपून ठेवलेली मूल्यं, सिसचेक१ या डेटासेटमध्ये राहतात आणि प्रत्येक संदेशागणिक नवं व्हेरिएबल करत गेलात तर तो फुगत जातो. ही जागा किती भरल्यावर इशारा द्यायचा हे ठरवणारा ग्लोबलवॉर्नथ्रेश पॅरामीटर पहिल्याच दिवशी तपासा. तात्पुरत्या मोजणीला जीएलव्हीटेम्प नावाने सुरू होणारी तात्पुरती व्हेरिएबल्स वापरा. ती रीस्टार्टनंतर उरत नाहीत, आणि इथे आपल्याला तेच हवं असतं.

टीममध्ये रेक्स नीट येणारं कोणीतरी हवंच. ते नसेल तर आधी माणूस तयार करा, मग हे घ्या.