जुन्या ऑटोमॅटिक गाडीसाठी ब्लूटूथ स्कॅनर: कुठे उपयोगी, कुठे अपुरा

वय झालेल्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरू लागला की मेकॅनिककडून बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे 'खोलून पाहावे लागेल'. ती वेळ येण्याआधी दोष तेलात आहे, वायरिंगमध्ये आहे की खरोखरच आतल्या क्लचमध्ये आहे, याचा अंदाज घेण्यासाठी मी स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा आगपेटीएवढा स्कॅनर घेतला. माझी गाडी चार गिअरची आहे आणि तक्रार अशी होती की इंजिन तापल्यावर, ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या स्थिर वेगात, ती खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी थरथरत असे.

स्कॅनरसोबत सुचवलेल्या मोफत ॲपने पहिल्या प्रयत्नात फक्त 'पी०७००' हा दोषाचा कोड दाखवला. अनेकजण इथेच फसतात. या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या नियंत्रकाकडे काही तक्रार नोंदलेली आहे. ती कोणती, हे इंजिनचा कॉम्प्युटर सांगत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सच्या नियंत्रकाशी थेट बोलू शकणारे ॲप लागते, आणि ते बहुधा पैसे मोजून घ्यावे लागते. असे ॲप घातल्यावर 'पी०७४१' मिळाला, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉकअप क्लच, म्हणजे स्थिर वेगात दोघांना थेट जोडणारा क्लच, नीट पकड घेत नाही. विकत घेताना खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सचे कोड स्कॅनर आणि ॲपच्या जोडगोळीला वाचता येतात का, एवढेच आधी विचारावे.

मात्र कोड सापडला म्हणजे बिघडलेला भाग सापडला असे होत नाही. 'पी०७४१'मागे सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारी-बंद करणारी विजेवरची झडप) असू शकतो, व्हॉल्व्ह बॉडीची (तेल योग्य ठिकाणी वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याची) झीज असू शकते, खुद्द क्लचचे अस्तर असू शकते किंवा केवळ जुने झालेले तेलही असू शकते. कोड पाहून लगेच सोलेनॉइड मागवणे म्हणजे अंधारात बाण मारणे आहे. माझ्या मते या यंत्राची खरी किंमत कोडमध्ये नसून चालत्या गाडीत दिसणाऱ्या आकड्यांत आहे. इंजिनचे फेरे आणि टर्बाइनचे, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमधल्या गिअरबॉक्सकडच्या चाकाचे, फेरे एकाच आलेखावर लावले, तर लॉकअप लागल्यानंतर दोन्ही रेषा जवळजवळ एक व्हायला हव्यात. माझ्या गाडीत त्या एकमेकींना चिकटत, सुटत, पुन्हा चिकटत, आणि नेमक्या त्याच वेळी सीटखाली थरथर जाणवत असे. (आलेख शेजारी बसलेल्याने पाहावा, चालवणाऱ्याने नव्हे.) त्या क्षणी ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकच्या पेडलला हलका स्पर्श केला की ब्रेकच्या स्विचमुळे लॉकअप सुटतो; तसे करताच थरथर तत्काळ थांबली. इंजिनच्या मिसफायरने (सिलिंडरमधले इंधन नीट न पेटल्याने) अशी हुबेहूब थरथर येऊ शकते आणि लोक प्लग, कॉइल बदलत बसतात, म्हणून ही चाचणी मला स्कॅनरइतकीच मोलाची वाटते.

त्यानंतर डिपस्टिक काढून पाहिली. तेलाचा लाल रंग जाऊन ते तपकिरी झाले होते, पण त्याला जळका वास नव्हता आणि त्यात धातूचा कीसही दिसला नाही. निर्मात्याने सांगितलेल्याच प्रतीचे तेल आणि नवा फिल्टर घातल्यावर थरथर जवळपास गेली; कडक उन्हात लांबचा चढ चढताना ती अजून किंचित जाणवते आणि आलेखातही दिसते. तेलाची पातळी कशी तपासायची हे मात्र गाडीच्या पुस्तकातच पाहावे, कारण बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून मोजतात, तर होंडाच्या अनेक गाड्यांत गरम इंजिन बंद केल्यावर लगेच.

आता उणिवा. स्कॅनरचा वेग कमी आहे, विशेषतः जुन्या पद्धतीच्या संदेशवहनावर. चार-पाच आकडे एकदम निवडले तर प्रत्येक आकडा इतका सावकाश बदलतो की एका सेकंदाच्या आत संपणारा गिअरचा बदल त्यात हरवून जातो, म्हणून दोनच निवडावेत. गिअर बदलताना क्लच घसरतो आहे का, हे शोधायचे असेल तर हे यंत्र फारसे उपयोगी नाही. त्याहून मोठी मर्यादा तेलाच्या दाबाची आहे. अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये दाबाचा सेन्सरच नसतो, त्यामुळे 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा पकड घेत असेल, तर गिअरबॉक्सच्या चाचणी छिद्राला प्रेशर गेज लावण्याला पर्याय नाही. सोबतची माहितीपुस्तिका निरुपयोगी आहे.

कोड पुसण्याचे बटण ॲपमध्ये फार ठळक ठेवले आहे, ही मला चूक वाटते. कोड पुसला की तो नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, तापमान आणि इंजिनावरचा भार यांची साठवलेली नोंदही जाते, आणि मेकॅनिकला नेमकी तीच हवी असते. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत. काम झाल्यावर स्कॅनर काढूनही ठेवावा, कारण त्या सॉकेटला गाडी बंद असतानाही वीज मिळत राहते आणि अशक्त बॅटरी उतरली की कमी व्होल्टेजमुळे भलतेच कोड उमटतात.

अमेरिकेत १९९६पासूनच्या आणि युरोपात २००१पासूनच्या पेट्रोल गाड्यांना या सॉकेटमधून कोड वाचू देणारी प्रमाणित पद्धत (ओबीडी) बंधनकारक झाली. इतर बाजारांतल्या त्या काळातल्या गाड्यांत सॉकेटचा आकार तोच असूनही आत काहीच बोलत नाही, असे आढळते. तशी गाडी असेल तर हा स्कॅनर घेऊ नये आणि तेच पैसे प्रेशर गेजवर खर्च करावेत.