शिकारीचे अन्न की दुकानातले? नुनाविकमधील गर्भवतीच्या आहाराचा तुलनात्मक आढावा

कॅनडाच्या क्युबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक हा प्रदेश आहे. तिथल्या इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांच्या, १४ गावांपर्यंत दक्षिणेकडून एकही रस्ता जात नाही; माणसे, औषधे, दूध आणि भाजी विमानाने येते आणि जड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने येते. अशा गावात, किंवा शेजारच्या नुनावुत या कॅनडाच्याच प्रदेशात, परिचारिका, डॉक्टर वा आहारतज्ज्ञ म्हणून रुजू होणाऱ्या मराठी माणसापुढे लवकरच एक प्रश्न येतो: समोर बसलेल्या गर्भवतीला शिकारीचे पारंपरिक अन्न खायला सांगावे की दुकानातले? माझे मत असे, की पारंपरिक अन्न सोडायला सांगू नये. त्यातला प्राणी आणि प्राण्याचा अवयव तेवढा बदलायला सांगावा.

दोन्हीकडचे पोषण

इनुइट घरात स्वयंपाकघराच्या फरशीवर पुठ्ठा अंथरला जातो, त्यावर गोठवलेला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा किंवा सील या सागरी प्राण्याचे मांस ठेवले जाते आणि घरातली बायका-माणसे भोवती बसून अर्धचंद्राकृती पात्याच्या ‘उलू’ने आपापला तुकडा कापून घेतात. शाकाहारी घरातून आलेल्या माणसाला हे पाहणे सुरुवातीला जड जाईल. तरीही त्या पुठ्ठ्यावर काय आहे हे समजून घेतले पाहिजे. सीलचे मांस रक्तासारखे गर्द असते, कारण त्यात लोह भरपूर असते, आणि रक्तक्षय ही नुनाविकच्या गर्भवतींमधली मोठी तक्रार आहे. ‘चार’ माशात गर्भाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ मेदाम्ले आणि ड जीवनसत्त्व आहे. महिनोन्महिने ऊन जेमतेम मिळणाऱ्या प्रदेशात ड जीवनसत्त्व ताटातूनच यावे लागते. बेलुगा देवमाशाची चरबीसकट कातडी, म्हणजे ‘मत्ताक’, कच्ची खाल्ली की तिच्यातून क जीवनसत्त्वसुद्धा मिळते. फळबागा नसलेल्या या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाची व्याधी, दूर राहिली ती अशा खाण्यामुळे. उणेपणा आहे तो फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाचा आणि कॅल्शियमचा.

तो उणेपणा दुकान भरून काढू शकते. कॅनडात १९९८ पासून पांढऱ्या पिठात फॉलिक आम्ल (फोलेटचाच एक प्रकार) मिसळणे बंधनकारक आहे आणि दुधातून कॅल्शियम मिळते. परंतु विमानाने आलेल्या भाजीची किंमत दक्षिणेच्या कितीतरी पट असते. २०११ पासून कॅनडा सरकारची ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ ही अनुदान योजना चालू असूनही हा प्रश्न सुटलेला नाही. २००७-०८ च्या इनुइट आरोग्य पाहणीत नुनावुतमधील सुमारे ७० टक्के इनुइट घरांना पुरेशा अन्नाची शाश्वती नसल्याचे आढळले होते. म्हणून, सील सोडणाऱ्या बाईच्या ताटात त्या जागी पालक आणि ताजे दूध येईल असे गृहीत धरणे ही मोठी चूक आहे. तिथे बहुधा नूडल्सची पाकिटे, चिप्स आणि गोड पेये येतात.

पारंपरिक अन्नातला धोका

असे असताना हा प्रश्न उद्भवलाच का? १९८० च्या दशकाच्या अखेरीस एरिक दवायी या क्युबेकमधील संशोधकाने मातेच्या दुधाचे नमुने तपासले. कारखान्यांपासून दूर असलेल्या इनुइट मातांचे दूध सर्वांत स्वच्छ निघेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यातील पीसीबी या औद्योगिक रसायनांचे प्रमाण दक्षिण क्युबेकच्या मातांपेक्षा सुमारे पाचपट निघाले. ही रसायने वाऱ्याने आणि समुद्रप्रवाहांनी उत्तरेकडे येतात, चरबीत साठतात आणि लहान माशापासून सीलपर्यंत व देवमाशापर्यंत दर पायरीला वाढत जातात. दूर कुठे तरी जाळलेल्या कोळशातून निघणारा पाराही असाच इथवर पोहोचतो. ज्या बायकांचा या प्रदूषणात काडीचाही हात नाही त्यांच्याच दुधात ते सापडावे, हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. पीसीबीसारख्या रसायनांवर बंधने घालणारा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला. त्याच्या वाटाघाटींत इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी इनुइट मातांची बाजू मांडली, आणि पुढे नुनाविकच्या मातांच्या रक्तातले पीसीबी स्पष्टपणे घटले. स्तनपान थांबवू नये, हा आरोग्य खात्याचा सल्ला मात्र या सगळ्या काळात कायम राहिला.

नुनाविकच्या मुलांचा जन्मापासून शालेय वयापर्यंत पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात दोन्ही बाजू दिसल्या: गर्भात असताना अधिक पारा पोहोचलेल्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली कामगिरी कमी भरली, तर नाळेच्या रक्तात ओमेगा-३ अधिक असलेल्या मुलांची स्मरणशक्ती सरस आढळली. एकाच समुद्रातून आलेले हे दोन परिणाम आहेत.

मग बदलायचे काय?

पारा रक्तातून साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो, तर पीसीबी शरीरात वर्षानुवर्षे राहतात. म्हणजे गर्भारपणाआधी आणि गर्भारपणात केलेला आहारबदल पाऱ्याच्या बाबतीत खरोखर उपयोगी पडतो. म्हणूनच २०११ मध्ये नुनाविकच्या आरोग्य यंत्रणेने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना बेलुगाचे मांस कमी खाण्यास सांगितले. हे मांस वाळवल्यावर पाणी उडून गेल्याने त्याच वजनात पारा अधिक येतो. २०१२ मध्ये नुनावुतने रिंग्ड सील या जातीच्या सीलचे यकृत टाळण्यास सांगितले, पण त्याच सीलचे मांस खाण्यास हरकत घेतली नाही. ‘चार’ मासा अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असल्याने त्यात पारा कमी आणि ओमेगा-३ भरपूर असते, आणि नुनाविकमध्ये गर्भवतींना तो मोफत वाटण्याचा उपक्रमही झाला. मला हा मार्ग सर्वांत पटतो, कारण त्यात चव, पद्धत आणि पुठ्ठ्याभोवतीची पंगत तशीच राहते.

कच्च्या मांसाचा विचार वेगळा करावा लागतो. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी गर्भाला घातक असून कच्चे मांस खाण्यातून व प्राणी सोलताना तो लागू शकतो. वॉलरस या सुळेवाल्या सागरी प्राण्यातील ट्रिकिनेला हा परजीवी तर मांस गोठवूनही मरत नाही. गर्भारपणापुरते मांस शिजवून खाण्याचा सल्ला त्यामुळे रास्त आहे.

आपल्याकडे पहिलटकरणीला माहेरी नेऊन तिचे डोहाळे पुरवतात. उत्तरेत मात्र अनेक गर्भवतींना प्रसूतीच्या काही आठवडे आधी विमानाने दक्षिणेच्या शहरात पाठवतात आणि तिथे त्यांना घरचे अन्न मिळत नाही. नुनाविकच्या पुविर्नितुक गावात १९८६ पासून इनुइट सुईणी प्रसूती करतात. अशी सोय गावात असेल तर आहाराचा सल्ला शेवटपर्यंत पाळणे शक्य होते. नसेल तर ते आठवडे धरून आधीच लोहाच्या गोळ्यांची तजवीज करावी. शिवाय, शिकारीचा कॅरिबू, म्हणजे रानटी रेनडिअरही, आता भरवशाचा राहिलेला नाही: १९९० च्या दशकात सुमारे आठ लाख असलेला त्याचा ‘जॉर्ज रिव्हर’ कळप २०१६ पर्यंत नऊ हजारांच्या आसपास आला. म्हणून पहिल्या भेटीत छापील आहारपत्रक हाती देण्याआधी तिला विचारावे, की घरात शिकारीला कोण जाते, आणि गावाच्या सामायिक शीतपेटीत या आठवड्यात काय आले आहे.