खानापूरचा पाऊस, अथणीचे ऊन आणि डब्ल्यूपीसीचा डेक

बेळगाव-निपाणीच्या दुकानांत डब्ल्यूपीसी (वुड प्लास्टिक कंपोझिट, लाकूड-प्लास्टिकचे मिश्रण) मागितले की दोन वेगळ्याच वस्तू पुढ्यात येतात. बाथरूमच्या दाराला आणि किचनच्या कपाटाला वापरतात तो पीव्हीसीचा फोम बोर्ड, आणि लाकडाचा भुसा एचडीपीई या प्लास्टिकमध्ये मिसळून साच्यातून काढलेली डेकची, म्हणजे अंगणात फळ्यांची जमीन करायची, फळी. फोम बोर्ड अंगणात टाकायचाच नाही. उन्हात वाकतो आणि खुर्चीच्या पायाने दबतो. शंका आली तर वीतभर तुकडा बादलीत टाका. फोम तरंगतो, भुशाची फळी तळाला जाते. तुकडा द्यायला दुकानदार खळखळ करत असेल तर पुढचे दुकान गाठावे.

खऱ्या फळीत तीन प्रकार येतात: साधी पोकळ, साधी भरीव, आणि वरून प्लास्टिकचे पातळ कवच चढवलेली, जिला को-एक्स्ट्रुडेड म्हणतात. माप बहुधा २९०० मिमी लांब, १४० मिमीच्या आसपास रुंद, २२ ते २५ मिमी जाड.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात आणि बेळगाव शहरातही कवचाची फळीच घ्यावी, जास्तीचे पैसे वसूल होतात. साध्या फळीत भुसा पृष्ठभागावर उघडा असतो, तो ओल धरतो. जून ते सप्टेंबर सतत ओल राहिली की खाचांत शेवाळ धरते आणि डेक निसरडा होतो. त्यात जांभ्याची तांबडी माती खाचांत बसली की ब्रशनेही पुरती निघत नाही, म्हणून बारीक खाचांपेक्षा लाकडी रेषांचा पृष्ठभाग बरा. चिकोडी, रायबाग, अथणीकडे मात्र साधी भरीव फळी पुरते. तिथे पाऊस कमी, त्रास उन्हाचा. साधी फळी पहिल्या वर्षात रंग सोडते, हे धरूनच रंग निवडा. गडद चॉकलेटी रंग टाळा. एप्रिलमध्ये दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

कवचालाही खोट आहे. लोखंडी खुर्ची ओढली की ओरखडा कायमचा, कारण त्यावर सँडपेपर मारता येत नाही. साध्या फळीवर मारता येतो, पण रश्श्याचे तेल रात्रभर राहिले तर तिथे डाग मुरतो. ‘मेंटेनन्स काहीच नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य दोन्ही बाबतींत खोटे. वाळवी लागत नाही, पॉलिश लागत नाही, एवढे खरे.

पोकळ फळी वाईट नसते, टोके उघडी ठेवली की वाईट ठरते. पोकळीत पाणी, मुंग्या आणि गांधीलमाश्यांची घरटी. टोकाला कॅप हवीच. मात्र मोठ्या सिमेंटच्या कुंड्या ठेवायच्या असतील तर सरळ भरीव घ्या.

आता फळीखालच्या पाइपांच्या सांगाड्याकडे. तक्रारी फळीच्या नावाने होतात, पण दोष बहुतेक वेळा खाली असतो. फॅब्रिकेटर सवयीने पाइप दोन फुटांवर लावतो; लाकडाला ते चालून गेले असेल, ही फळी उन्हात मऊ पडून मध्ये लवते. पाइप ३०० मिमीवर, मधोमध मोजून. ५० × २५ मिमीचा जीआय (जस्त चढवलेला) पाइप उभा लावावा, प्रत्येक वेल्डवर झिंकचा रंग द्यावा. रेड ऑक्साइड मारलेला साधा लोखंडी पाइप पश्चिमेच्या पावसात गंजून फळीवर तांबडे ओघळ सोडतो. पाइपऐवजी फळीखाली टाकायचा डब्ल्यूपीसीचा जॉइस्टही विकतात. तो पूर्ण लांबीला काँक्रीटवर टेकला तरच चालतो, ठोकळ्यांवर अधांतरी नाही.

चिकोडी-निपाणीकडच्या काळ्या मातीवर थेट पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट) ओतू नये. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डेक हलू लागतो. किमान दीड फूट माती काढून मुरूम थरांनी भरून ठोकावा, त्यावर चार इंच पीसीसी, आठ फुटांत एक इंच उतार. फळीखाली हवा खेळायला हवी. उतारावरचे पाणी पाइपला अडून साचू नये म्हणून पाइप उताराच्या दिशेने टाका.

फळी लांबीत वाढते हे सुताराला पटत नाही. २९०० मिमीची फळी जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत चार ते सहा मिमी लांबते. भिंतीला घट्ट भिडवली तर मध्ये उचलते. भिंतीपासून १० मिमी सोडा. दोन फळ्यांत कडेची फट फळीला पाइपवर धरणारी क्लिपच ठेवते, पाच-सहा मिमी. टोकाला टोक येते तिथे सांगाड्याला जोडपाइप लागतो, म्हणजे दोन्ही टोकांना आपापली क्लिप मिळते. प्रत्येक फळी मध्यावर एकाच स्क्रूने धरून ठेवावी, नाहीतर ती हळूहळू एका बाजूला सरकते. क्लिप आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे. प्लास्टिकची क्लिप काही उन्हाळ्यांनी ठिसूळ होते.

मापात एक सोपी बचत आहे. दहा फुटी डेक ठरवला की फळी पाच-सहा इंच कमी पडते आणि प्रत्येक ओळीत तुकडा जोडावा लागतो. साडेनऊ फूट ठरवा. साडेनऊ बाय बारा फुटांच्या डेकला २५ ते २६ फळ्या लागतात. पुढच्या कडेची पट्टी आणि तूट धरून २८ ते २९ आणा. ३०० मिमी अंतराने ११ पाइप, एकूण सुमारे ४० मीटर. क्लिप २७५ च्या घरात लागतात, ३०० घ्या, कारण मध्येच संपल्या की त्याच मापाच्या परत मिळतील याचा नेम नाही.

कोटेशन घेताना दर फळीचा की बसवून दिलेला, हे लिहून घ्या. चौरस फुटाचा स्वस्त दर सांगून पाइप, क्लिप आणि कडेची पट्टी मागून जोडण्याची रीत इथे जुनी आहे. सगळ्या फळ्या एकाच लॉटच्या मागा, पुढच्या गाडीचा रंग जुळत नाही. दोन फळ्या जपून ठेवा, आणि त्या सावलीत, सपाट जागी. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर वाकतात आणि मग क्लिपमध्ये बसत नाहीत.