डेझर्ट ईगल घ्यायचंच आहे, तर फोर्टी-फोर की फिफ्टी?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी कुणी नेमबाजीच्या रेंजवर डेझर्ट ईगल हे भलंमोठं पिस्तूल भाड्याने चालवून आलं, की हटकून म्हणतं, 'घेईन तर फिफ्टीच!' माझा सल्ला उलटा आहे. आधी फोर्टी-फोर मॅग्नम घ्या. हे आकडे म्हणजे काडतुसांची मापं, फिफ्टी त्यातलं मोठं.

फिफ्टी एई (ॲक्शन एक्स्प्रेस) हे काडतूस 1988 मध्ये तयार झालं, तेव्हा त्याच्या बुडाची कड मुद्दाम फोर्टी-फोरच्या मापाची ठेवली. म्हणून डेझर्ट ईगलच्या मार्क नाइन्टीन मॉडेलमध्ये दोन्हींना एकच बोल्ट (काडतुसाला मागून धरणारा भाग) चालतो. पुढे हौस वाटली तर फिफ्टीची नळी आणि मॅगझीन तेवढं आणायचं, की झालं. थ्री-फिफ्टी-सेव्हन या तिसऱ्या, लहान मापाला मात्र बोल्टही वेगळा लागतो, त्यामुळे तो पर्याय मी बाजूलाच ठेवतो.

फोर्टी-फोरची 240 ग्रेनची (साधारण साडेपंधरा ग्रॅमची) गोळी साधारण 1,400 ज्यूल ऊर्जा घेऊन सुटते, फिफ्टीची 300 ग्रेनची 2,000 च्या आसपास. पिस्तूल रिकामंच दोन किलोच्या घरात आणि स्लाईड (वरचा सरकता भाग) वायूच्या दाबावर मागे जाते, म्हणून फोर्टी-फोरचा धक्का रिव्हॉल्व्हरपेक्षा पुष्कळ सौम्य, तळहातावर रेटा आल्यासारखा लागतो. पन्नास गोळ्या झाडूनही नेम टिकतो. फिफ्टीत नळीचं तोंड झपकन वर उसळतं, शेजारच्या लेनवरचा माणूसही वळून बघतो, आणि दुसऱ्या मॅगझीनपर्यंत बोटं आपोआप आधीच आखडायला लागतात. एकदा ही खोड लागली की नेम बिघडतो आणि ती मोडायला महिने जातात. फिफ्टीच्या गोळ्याही बऱ्याच महाग, त्यामुळे सराव कमी होतो. मॅगझीनमध्ये फोर्टी-फोरच्या 8 मावतात, फिफ्टीच्या 7. हा फरक काही मोठा नाही.

नखरे दोन्हींचे सारखेच. मनगट सैल राहिलं की स्लाईड पुरती मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. माझं पहिल्या दिवशी तीनदा अडकलं. कारण निघालं डाव्या हाताचा तळवा. मी तो आधारासाठी मॅगझीनच्या बुडाशी लावला होता. या पिस्तुलात मॅगझीन थोडं मोकळं हलायला हवं, खालून दाबलं की पुढची गोळी नीट चढत नाही. उघड्या शिशाच्या गोळ्याही वापरू नका, वायूचं बारीक भोक शिशाने बुजतं. तांब्याचं वेष्टण असलेल्याच घ्या.

फिफ्टीचा मोह आवरतच नसेल, तर पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच गोळी भरा. धक्क्याने हात वर जाताना बोट पुन्हा चापावर दाबलं जातं आणि दुसरी गोळी छताकडे सुटू शकते. नवख्या मित्राच्या हाती देतानाही हेच करा. कानात बोळे आणि वरून हेडफोनसारखं कानझाकण, दोन्ही हवेत.

आणि एच-वन-बीवर असाल तर दुकानातच काय, रेंजवर जाण्याआधीही वकिलाला विचारा. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूकच नव्हे, काडतूस बाळगायलाही संघीय कायद्याची मनाई आहे; शिकारीचा वैध परवाना असणं अशा मोजक्याच सवलती आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.