गावचा कचरा: गावातच जिरवायचा की गाडी भरून पाठवायचा?

पाच-सात हजार वस्तीचं गाव, आठवडी बाजार, एसटी स्टँड, दोन-तीन मंगल कार्यालयं. कचरा शहराच्या वळणाचा आणि उत्पन्न ग्रामपंचायतीचं, अशी या गावांची कोंडी असते. ग्रामसभेत विषय निघाला की कुणीतरी खत करणाऱ्या यंत्राचं चकचकीत माहितीपत्रक पुढे करतो. दुसरा म्हणतो, ठेका देऊन मोकळे व्हा. दोन्हींच्या मध्ये बरेच पर्याय आहेत. ते शेजारीशेजारी ठेवून बघताना मी एकच गोष्ट विचारतो: अनुदान संपल्यावर हे रोज सकाळी कोण चालवणार, आणि त्याचा पगार कुठून येणार?

आधी पैसा

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपयांपर्यंत असा निकष ठेवला. म्हणजे पाच हजार वस्तीला जास्तीत जास्त तीन लाख, आणि सहा हजार वस्तीला दोन लाख सत्तर हजार. हजार माणसं वाढली की तीस हजार कमी! हिशेब कागदावर बरोबरच आहे, पण पाच हजारांच्या आसपासच्या गावाने तो आधी माहीत करून घेतलेला बरा. यातला काही वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा होता. त्या आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला साठ टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा, ठेवला होता, त्यातला निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला.

ही रक्कम शेड, टाक्या, गाडी यांची आहे. रोजच्या खर्चाची बाब वेगळी. समजा चार माणसं दहा हजार महिन्याने ठेवली, तर वर्षाला चार लाख ऐंशी हजार. एकदा मिळणारं अनुदान एका वर्षाच्या पगारालाही पुरत नाही. सहा हजार वस्तीत साधारण तेराशे घरं धरली आणि घरटी तीस रुपये महिना घेतले, तर महिन्याला एकोणचाळीस हजार जमतात, तेही सगळ्यांनी दिले तर. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं आणि वसुलीचा प्रश्न सोडवला. प्रत्येक गावाला गिरणी काढायची गरज नाही, पण वसुली कशी होणार हे ठरल्याशिवाय पुढचं वाचू नये, असं माझं मत.

ओला कचरा: चार वाटा

लहान शहरांसाठी माणशी रोज दोनशे ते तीनशे ग्रॅम कचरा धरतात. खालची बाजू घेतली तरी सहा हजार वस्तीत बाराशे किलो होतो. त्यातला निम्मा ओला धरू, सहाशे किलो. गावाचा सगळा निर्णय या सहाशे किलोंभोवती फिरतो.

पहिली वाट नाडेप टाकीची. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची ही पद्धत, त्यांच्याच आद्याक्षरांवरून ओळखली जाते. साधारण बारा फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट उंच, विटांमध्ये मुद्दाम भोकं ठेवलेली टाकी. काडीकचरा, थोडं शेण, माती, पाणी, वरून लिंपण. वीज नको, यंत्र नको, दुरुस्ती म्हणाल तर एखादी वीट. ग्रामपंचायतीला ही आवडते कारण अंदाजपत्रक सोपं आणि फोटो चांगला येतो. अडचण हिशेबाची आहे. एका टाकीत दीड टनाच्या आसपास काडीकचरा जातो आणि खत व्हायला तीन ते चार महिने लागतात. रोजचे सहाशे किलो चार महिने साठवले तर बहात्तर टन होतात, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस टाक्या. गावोगावी बांधतात दोन. शिवाय टाकी एक-दोन दिवसांत एकदम भरून लिंपायची असते. रोज बादलीभर टाकत बसलात तर ती टाकी राहत नाही, उकिरडा होतो. उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात म्हणतात, पण ग्रामपंचायतीची मुदत पाचच वर्षांची.

दुसरी वाट शेडखाली ढीग लावण्याची. ओला कचरा आणि पालापाचोळा थर देऊन पाच फुटांपर्यंत रचायचा, आठवड्याला पलटायचा. आतून तो पंचावन्न-साठ अंशांवर तापतो, त्यात तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. दीड-दोन महिन्यांत खत चाळणीला येतं. टाकीच्या साधारण निम्मा वेळ, त्यामुळे जागाही कमी. पण फावडं चालवणारा माणूस रोज हवा. तो आठ दिवस आला नाही की वास येतो, आणि वास आला की शेजारचा शेतकरी ग्रामसभेत उभा राहतो. कोकणात छपराशिवाय हा नाद करू नये. जुलैत ढिगातून काळं पाणी वाहत विहिरीकडे जातं. मराठवाड्यात उलट, ढीग कोरडा पडतो आणि एप्रिलमध्ये प्यायला टँकर येत असताना ढिगावर पाणी मारायचं कसं, असा प्रश्न पडतो. तिथे सांडपाणी वापरावं.

गांडूळखत ही तिसरी वाट, आणि तिचं कौतुक गरजेपेक्षा जास्त होतं. ताजा कचरा तापतो, त्या उष्णतेत गांडुळं मरतात, म्हणून आधी तो अर्धवट कुजवून घ्यावा लागतो. तेलकट, खारट, लिंबाच्या साली चालत नाहीत. मुंग्या आणि उंदीर यांच्यापासून राखण लागते. बचत गटाला शेणखतावर करायला उत्तम, दर चांगला मिळतो. गावाचा मिसळलेला कचरा मात्र त्यांच्या गळ्यात मारू नये.

चौथी वाट बायोगॅसची. इथे वेंगुर्ल्याचं नाव येतंच. २०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या नगरपरिषदेने, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, कचऱ्याची जागा लोक बघायला येतील अशी केली. ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात. बघायला गेलेले सरपंच परत येताना संयंत्राची किंमत विचारून येतात. वेंगुर्ल्याचं खरं काम संयंत्राच्या आधीचं आहे: घरातूनच वेगवेगळा कचरा घेणं, मिसळलेला न घेणं, आणि त्यावर ठाम राहणं. त्यामागे नगरपरिषदेची यंत्रणा होती. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक एक, आणि त्याच्याकडे जन्ममृत्यूच्या दाखल्यांपासून घरकुलापर्यंत सगळं.

बायोगॅस संयंत्राला रोज तेवढंच आणि तसंच खाणं लागतं. माती, नारळाची करवंटी, हाडं गेली की बिघडलं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत आधी कचरा दळून वेगळ्या टाकीत कुजवून घेतात, त्यामुळे ते जास्त प्रकारचा कचरा पचवतं. पण दळायचं यंत्र आलं की वीज आणि मेस्त्री आले. गोव्यात साळगावचा मोठा प्रकल्प २०१६ पासून चालतो, कारण किनारपट्टीवरच्या हॉटेलांतून उष्टंखरकटं अखंड येतं आणि मागे राज्य सरकारचा पैसा आहे. आपल्या गावात सारखा पुरवठा एकाच ठिकाणी मिळतो: आश्रमशाळा, वसतिगृह किंवा मोठं हॉटेल. तिथल्याच स्वयंपाकघराला गॅस जोडता येत असेल तर लहान संयंत्र जरूर बसवावं. गॅस जळणारी चूल शंभर फुटांत नसेल तर नको.

या चारही वाटांपेक्षा मला पाचवी पटते, आणि तिला वाट म्हणणंही जड आहे. ज्याच्या घरामागे परसू किंवा अंगण आहे त्याचा ओला कचरा घराबाहेर येऊच द्यायचा नाही. कोकणात माडाच्या आळ्यात, देशावर घरामागच्या खड्ड्यात. ग्रामपंचायतीने फक्त गावठाणातली दाटीची घरं, हॉटेलं आणि बाजार उचलायचा. मग सहाशेचे दोनशे किलो होतात, ते एका मध्यम शेडमध्ये मावतात, आणि चाराऐवजी दोन-तीन माणसांत भागतं. घरोघर उकिरडा होताच की पूर्वी. त्याचं खत आज शेतकरी उचलत नाही, कारण त्यात काच आणि कॅरीबॅग असते. ती वेगळी ठेवली की अर्धं काम झालं.

गाडी कोणती

ट्रॅक्टर-ट्रॉली गावात मिळते, चालवणारा मिळतो, पण बोळात शिरत नाही आणि सगळं एकत्र भरण्याचा मोह होतो. बॅटरीची तीनचाकी बोळात जाते, आवाज नाही, डिझेल नाही. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायचे पैसे मात्र पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकावे लागतात, जे कुणी टाकत नाही. ओला घरीच राहिला तर गाडी रोज फिरायची गरज उरत नाही: दाटीच्या भागात आणि हॉटेलांकडे रोज, बाकी गावात सुक्यासाठी आठवड्यातून दोनदा. कोपऱ्याकोपऱ्यावर कचराकुंड्या ठेवण्याच्या विरुद्ध मी ठाम आहे. कुंडीत काय पडलं ते कुणाचं हे सांगता येत नाही, आणि वर कुत्री आणि डुकरं.

सुका: इथे पाठवणंच बरं

ओल्याच्या उलट. पुठ्ठा, पत्रा, बाटल्या भंगारवाला नेतोच. त्याला शत्रू न मानता शेडची किल्ली त्याच्याशी बोलून ठरवावी. उरतात वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या. त्यांना भाव नाही. गावाने स्वतःचं यंत्र घेण्याइतका हा माल कधीच जमत नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी सोळा लाखांपर्यंत तरतूद होती. आपल्या तालुक्यात ते चालू आहे का, हे पंचायत समितीत जाऊन डोळ्यांनी बघून यावं. चालू असेल तर गावात फक्त छपराची कोरडी जागा आणि पोती पुरतात. बंद असेल तर आसपासच्या पाच-सहा गावांनी मिळून गाडी ठरवावी. एका गावाच्या हलक्या मालाला वाहतूक परवडत नाही.

ठेकेदाराला सगळं देण्याचा प्रस्ताव असेल तर करारात दोन अटी घालाव्यात: माल कुठे उतरला त्याची पावती दर खेपेला, आणि पैसे वजनावर नाही तर घरांच्या संख्येवर. वजनावर दिले की ओला, माती, बांधकामाचा राडा, सगळं भरून जड केलं जातं. आणि पावती नसेल तर तो माल पुढच्या गावच्या नाल्यात उतरतो.

पेटवून देणं हा पर्याय मी तुलनेत धरलेलाच नाही. त्या धुरात डायॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि तो शाळेवरून जातो.

मुळात कमी करायचं तर

लग्नसराई पकडा. मंगल कार्यालयाच्या परवान्यात थर्माकोल बंद आणि बचत गटाची ताटं-वाट्या भाड्याने, एवढी अट घातली तर एका मुहूर्ताला ट्रॉलीभर कचरा वाचतो आणि गटाला उत्पन्न मिळतं. कॅरीबॅगवर छापे टाकून मात्र फार हाती लागत नाही; आज जप्त केली की पुढच्या बाजारी परत दिसते.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळ्या कागदात, वेगळ्या डब्यात, तालुक्याच्या सोयीकडे. चिकनच्या दुकानांची पिसं आणि आतडी दुकानदारानेच खोल खड्ड्यात पुरायची, हे परवान्यावर लिहून घ्यावं. ग्रामपंचायतीने ती उचलायला सुरुवात केली की शेड संपली.

मग निवड अशी: घरांना परसू असेल तर घरचे खड्डे आणि बाजारापुरती ढिगाची शेड. घरं दाट आणि माणसं ठेवण्याइतकी वसुली असेल तर मोठी शेड. वसतिगृह असेल तर त्याच्यापुरता बायोगॅस. नाडेप टाक्या शेतावर आणि स्मशानभूमी-शाळेच्या पालापाचोळ्यासाठी. आणि यंत्राचं माहितीपत्रक घेऊन आलेल्याला विचारा, तुमचं यंत्र तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या आणि आजही चालवणाऱ्या ग्रामपंचायतीचं नाव सांगा. सांगितलं तर न कळवता तिथे जाऊन या.