स्पर्धक चॅनल दाखवणारं पेड एक्स्टेन्शन : द्राक्षवाल्याला परवडतं का?

आमचं यूट्यूब चॅनल द्राक्षाचं. पिंपळगाव बसवंतच्या बागेत मी बोलतो, पुतण्या मोबाइल धरतो. व्हिडिओ टाकायच्या आधी बाकीच्यांनी काय टाकलंय ते चाळायला त्याने क्रोमवर हे एक्स्टेन्शन घेतलं. नाव लिहीत नाही.

आधी वाईट सांगतो. ‘तुमचे स्पर्धक’ म्हणून त्याने जी यादी दिली, त्यात लाखांनी सबस्क्रायबर असलेली हिंदी शेती चॅनल आणि एक थेट कॅलिफोर्नियाचं! आमची टक्कर सांगलीकडच्या तासगावशी, आणि तासगावचं एकही नाव नाही. कीवर्डच्या स्कोअरचंही, म्हणजे कुठला शब्द शोधात किती चालेल त्या आकड्याचंही, तेच. ‘घड जिरणे’, म्हणजे कोवळा घड वाढायच्या आधीच विरणं, टाकलं की शून्य. अहो, ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, फुटला की निफाड-दिंडोरीत पारावर दुसरा विषय नसतो.

एक सोय मात्र झकास आहे. कुठलंही चॅनल उघडा, त्याच्या नेहमीच्या व्ह्यूजपेक्षा कुठला व्हिडिओ उसळलाय ते लगेच दिसतं. तासगावकडचं एक चॅनल आम्हीच शोधून उघडलं. एरवी दोन-तीन हजारांवर अडकणारं, पण डावणी या बुरशीच्या रोगावरचा एक हलत्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ चाळीस हजारांवर. का, ते मात्र एक्स्टेन्शन सांगत नाही. ते यूट्यूबवर फुकटात कळतं. चांगले व्ह्यूज असलेल्या व्हिडिओच्या खालच्या पट्टीवर माउस नेला की लोकांनी परतपरत पाहिलेल्या जागी उंचवटा दिसतो, २०२२ पासून. आम्हाला वाटलं उंचवटा औषधाच्या नावावर असणार. तो होता पान उलटं करून खालची पांढरी बुरशी दाखवली तिथे. खाली कमेंटमध्ये जो तो एकच विचारतोय, पाऊस चालू असताना फवारायचं की उघडीप बघायची? उत्तर कुणालाच दिलेलं नाही. आमचा व्हिडिओ तिथेच ठरला.

फवारणीचं वेळापत्रक मात्र जसंच्या तसं उचलू नका. तासगावकडे बराच माल बेदाण्याला जातो, आपल्याकडे एक्स्पोर्टवाले जास्त. रेसिड्यूत, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशापायी, कंटेनर अडकला तर कमेंटवाले येणार नाहीत सोडवायला.

तारखांच्या बाबतीत तर हे टूल अगदीच शहरी. बागलाणात अर्ली छाटणी पावसाळ्यातच उरकते, त्यामुळे तिकडच्या चॅनलचे व्ह्यूज आधी चढतात आणि आधी उतरतात. सप्टेंबरात पुतण्या म्हणतो, “काका, ट्रेंड खाली आलाय, विषय सोडून देऊ.”

“अरे, आपली छाटणी व्हायचीय अजून!”

पाचपैकी अडीच. हिंदीत किंवा इंग्रजीत चॅनल असेल तर कदाचित साडेतीनही द्याल. घ्यायचंच तर वर्षाचा प्लॅन नको, ऑगस्ट ते ऑक्टोबर महिन्या-महिन्याने घ्या, आणि ऑटो-पे त्याच दिवशी बंद करा. नाहीतर मार्चमध्ये माल खुडून बाग मोकळी झाली तरी खात्यातून पैसे जातच राहतात.