नवरात्राआधी घेतलेली कोल्हापुरी, नऊ महिन्यांनंतर

आमच्याकडे सणाची साडी जुलैत ठरते, ब्लाउज ऑगस्टमध्ये शिंप्याकडे जातो आणि चपलेची आठवण होते घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी. मग लक्ष्मी रोडवर गर्दीत घुसायचं, पहिल्या दुकानात जी चमकेल ती उचलायची आणि दसऱ्यापर्यंत टाचेला पट्ट्या चिकटवत फिरायचं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यात टाचदुखी मागे लागलेली असताना, हे थांबवायचं ठरवलं.

अटी तीन होत्या. पैठणीवर शोभली पाहिजे, दिवाळी पहाटेला दोन तास उभं राहून पाय बोंबलायला नकोत आणि दीड हजाराच्या आत बसली पाहिजे. नवरात्रात अंबाबाईसमोर मुंगी शिरायला जागा नसते, म्हणून आम्ही आठ दिवस आधीच कोल्हापूरला जाऊन आलो. दर्शन झालं, मिसळ झाली आणि पावलं आपोआप चप्पल लाईनकडे वळली.

तिथे पहिल्यांदा कळलं की आजवर मी चप्पल चुकीची घेत होते. मी नेहमी लांबी बघायची. दुकानातल्या काकांनी लांबीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी चपलेच्या अंगठ्यात, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायच्या गोल पट्टीत, माझं बोट घालायला लावलं, पट्ट्याखाली स्वतःची करंगळी सरकवून बघितली आणि म्हणाले, "ताई, ही सैल हाय. घट्टच घ्या. चामडं सोडतंय आपोआप. आज सैल घेतली तर संक्रांतीला पायातनं निघून पुढं जाईल." पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तळाशी जोडलेले जे कान असतात, ते पावलाला नीट धरताहेत की नाही, हे खरं बघायचं. कान सैल असले की आपण नकळत बोटं आवळून चालतो. दिवसाच्या शेवटी पोटऱ्या भरून येतात त्या यामुळे, हे मला त्या बाकड्यावर बसल्या बसल्या उमगलं.

साडेतेराशे सांगितले, बाराशेला दिली. नैसर्गिक रंगाची, मधोमध बारीक वेणी, गोंडा नाही. (गोंडा फोटोत छान दिसतो, पण साडीच्या फॉलमध्ये अडकतो, असं माझं ठाम मत आहे.) जोडी कुठली म्हणून विचारलं तर काका मोकळेपणाने म्हणाले, अथणीची. मला आधी फसल्यासारखं वाटलं, पण त्यात काही गैर नाही. 2019 मध्ये कोल्हापुरीला जी भौगोलिक मानांकनाची (ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव, अशी) नोंद मिळाली ती आठ जिल्ह्यांची आहे: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी बेळगाव जिल्ह्यात येते. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं चामडं, हाताने शिवलेला तळ, खिळा कुठेही नाही, हे महत्त्वाचं.

दुकानात तेव्हा प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा विषय निघालाच. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये त्यांनी हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल आणली, आधी नावही घेतलं नाही आणि ओरड झाल्यावर मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं. काकांचं म्हणणं एवढंच की त्यानंतर गिऱ्हाईक फोटो जास्त काढतं आणि घासाघीस तेवढीच करतं. मी दीडशे रुपये कमी करून घेतले होते, त्यामुळे गप्प बसले.

आता वापराबद्दल. पहिले दहा दिवस चप्पल चावली, हे स्पष्ट लिहिते, कारण "पहिल्या दिवसापासून आरामदायी" असं कुणी सांगत असेल तर त्याने ती घातलेली नाही. अंगठ्याच्या मुळाशी आणि कानाच्या कडेला लाल झालं. काकांनी सांगितल्याप्रमाणे रोज संध्याकाळी घरातच अर्धा तास घालून फिरायचे आणि रात्री आतल्या बाजूला एरंडेलाचं बोट फिरवायचे. पाचव्या दिवशी चपलेचा अंगठा मऊ झाला, कान दहाव्या दिवशी. आता तळावर माझ्या पाचही बोटांचे खळगे उमटलेत आणि डोळे मिटून पाय घातला तरी डावी-उजवी कळते.

तेलाच्या बाबतीत मात्र एक घोळ केला. दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या रात्री अति उत्साहात तेल चांगलं चोपडलं आणि सकाळी मोतिया रंगाची साडी नेसून निघाले. नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना बघते तर काठाखाली टाचेच्या मापाचा पिवळा अर्धचंद्र! घरी येऊन टाल्कम पावडर दाबून ठेवली, दोनदा बदलली, तेव्हा निघाला. तेल कार्यक्रमाच्या किमान चार दिवस आधी लावा आणि नंतर जुन्या सुती कापडाने पुसा.

त्याच दिवाळीत तुलना करायलाही मिळाली. नणंदेच्या हट्टापायी ऑनलाइन एक मखमली मोजडी मागवली होती, 549 रुपयांची, सोनेरी लेस लावलेली. दिसायला इतकी देखणी की वसुबारसेला चौघींनी लिंक मागितली. भाऊबीजेला भावाच्या जिन्यात तिचा तळ पुढून उघडला, आत चक्क पुठ्ठा. चारदा घातली, म्हणजे एका वेळेचे 137 रुपये पडले. परत करायची मुदत संपली होती, असं उत्तर आलं. जाऊबाईंनी लग्नासाठी उंच टाचेच्या सँडल घेतल्या होत्या. सीमांतपूजनाला त्या माझ्यापेक्षा चार बोटं उंच होत्या, जेवणाच्या पंगतीत अनवाणी. सँडल पर्समध्ये मावेना म्हणून मुलाच्या हातात.

पण माझीही काही सगळी मजा नव्हती. कोरी कोल्हापुरी गुळगुळीत फरशीवर घसरते. डिसेंबरमधल्या लग्नात कार्यालयाच्या ओल्या फरशीवर अक्षतांचं ताट हातात असताना माझा पाय सरकला, खांब होता म्हणून वाचले. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडून खाली पातळ रबरी सोल मारून घेतला, 120 रुपये. करकर आवाज गेला, थोडं वजनही वाढलं, पण पकड आली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. काही जण म्हणतात, रबर मारलं की ती अस्सल राहत नाही. त्यांना माझ्या जागी ताट घेऊन उभं करावं.

टाचदुखीचं म्हणाल तर ही चप्पल तिच्यावरचा इलाज नाही. तळ सपाट आहे, तळव्याच्या कमानीला आधार शून्य. तीन-चार तास उत्तम, हळदीकुंकवाच्या पाच घरांपर्यंत काहीच जाणवत नाही. पण जानेवारीत एकदा ऑफिसला सलग आठवडाभर घातली तेव्हा सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकवेना. फिजिओथेरपिस्टने स्पष्ट सांगितलं, रोजच्या चालण्याला जाड तळाचे बूटच. तेव्हापासून ऑफिसला बूट आणि समारंभाला कोल्हापुरी, अशी वाटणी आहे. रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्याला मी ही एकमेव चप्पल म्हणून घ्यायला सांगणार नाही.

अस्सल-नकलीचं थोडं सांगते, कारण पुण्यात रेक्झिनच्या "कोल्हापुरी" चारशेला ढिगाने मिळतात. तळाची कापलेली कड बघा. चामड्याची कड आतबाहेर एकाच पोताची, थोडी केसाळ असते. रेक्झिनच्या कडेला कापडाचा थर दिसतो. वरून पाण्याचा थेंब टाकला तर कोऱ्या चामड्यात तो हळूहळू मुरतो, रेक्झिनवर मण्यासारखा बसतो. आणि वास. पहिले पंधरा दिवस आमच्या चपलांच्या कपाटाला ओल्या सालीसारखा वास होता, मुलाने नाक मुरडलं. मग आपोआप गेला.

देवळाबाहेर हिला सोडताना जीव वर-खाली होतो, तेव्हा सासूबाईंची युक्ती वापरते: एक चप्पल या रांगेत, दुसरी त्या रांगेत. चोराला जोडी लागते. आजवर दोनदा मलाच दुसरी सापडली नाही, पण शेवटी मिळाली.

आतापर्यंत साठेक वेळा घातली असेल. रबरी सोल धरून 1,320 रुपये, म्हणजे एका वेळेचे बावीस. शिलाई एकाही जागी उसवलेली नाही. डाव्या पट्ट्यावरच्या वेणीचा एक पदर मात्र मेमध्ये तुटला. चांभारकाकांनी बघितलं आणि मान हलवली, म्हणाले, चिकटवून देतो, पण विणणं आपल्याला नाही जमायचं. चिकटवू दिली नाही.

जूनचा पहिला पाऊस पडला त्या दिवशी पुसून, सावलीत वाळवून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून माळ्यावर ठेवली, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, कापडी पिशवीत. गेल्या आठवड्यात काढून बघितली तर उजव्या कानावर बुरशीचा पांढरा ठिपका होता, कोरड्या ब्रशने गेला. गणपतीनंतर कोल्हापूरला जाणं होईल तेव्हा ती वेणी त्याच दुकानात दाखवणार आहे. आमच्या ह्यांनी आत्तापासून नऊ नंबरची ऑर्डर दिली आहे. मी सांगितलंय, माप देऊन चालणार नाही, पाय घेऊन यावं लागेल.